प्राजूचा इंटरव्ह्यू आणि माझी बुरसलेली चटणी

मागच्या रविवारी सकाळी गच्चीत मिरच्यांचे देठ खुडत बसले होते... उन्हाळा लागला की आमच्या कोल्हापुरात घरोघरी हेच चालतं, वर्षाची कांदा-लसूण चटणी. शेजारी माझी नात प्राजू. हातात एक कागद आणि डोळ्यांत पाणी.

प्राजू बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मायक्रोबायॉलॉजी. हा शब्द नीट म्हणायला मला सहा महिने लागले, आता शेजारणींपुढं मुद्दाम म्हणते! मी स्वतः तिसरी पास. हे सगळं फोनपुढं बोलतेय आणि तो लिहितोय, तेव्हा चुकलं तर त्याला बोला, मला नको...

तर तो कागद. एका डेअरीच्या लॅबमध्ये जागा होती आणि बुधवारी इंटरव्ह्यू. कॉलेजच्या सरांनी मुलांना सांगितलेलं, कागदावर मधे रेघ मारा. डावीकडं काय शिकलात ते लिहा, उजवीकडं ते कुठं वापरलंत ते. प्राजूची डावी बाजू गच्च भरलेली... उजवी कोरी करकरीत.

गेल्या महिन्यात एका ठिकाणी तिला विचारलं होतं, तुला काम काय येतं? पोरगी तोंडातून शब्द न काढता परत आली. आता म्हणत होती, "मी बुधवारी जातच न्हाय, आज्जी. पुस्तकातलं येतंय की मला. पण काम कुठं केलंय मी?"

माझा हात सुपातल्या मिरच्यांवर होता... आणि मला गेल्या वर्षीची चटणी आठवली. ती गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली होती.

झालं असं होतं, की माझ्या हातची चटणी पहिल्यांदाच बुरसली. चाळीस वर्षं पाव्हणेरावळे बरण्या भरून नेतात आणि त्या वर्षी घरच्याच बरणीत पांढरी बुरशी! मी आधी चटणी कुटून देणाऱ्या डंकावाल्याला नावं ठेवली. मग दृष्ट काढली. शेवटी सगळा राग सुनेवर... सुनीतानं ओला चमचा घातला म्हणून चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

प्राजूनं माळ्यावरची दुसरी बरणी काढली, जिचं फडकंसुद्धा सोडलं नव्हतं. तिच्यातही बुरशी! म्हणजे चमच्याचा प्रश्नच मिटला. मग तिनं मिक्सरवर थोडी थोडी चटणी करून दोन बाटल्या भरल्या. एकीत खडखडीत वाळवून तळलेला कांदा, दुसरीत अर्धाच वाळलेला. बाकी सगळं सारखं. वर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोज बघून वहीत लिहायची. मी म्हटलं, खेळ चाललाय पोरीचा...

एक दिवस तिनं दोन्ही बाटल्या माझ्यापुढं आणून ठेवल्या. एक लालभडक, दुसरी बुरसलेली. मला कळलं. त्या वर्षी वळवाचं आभाळ आलेलं, म्हणून मी कांदा घाईनं, अर्ध्या उन्हातच उचलला होता. प्राजू एवढंच म्हणाली, "आईला तू सांग हं. मी न्हाय सांगणार." आणि मी काही सांगितलं नाही...

रविवारी मात्र म्हटलं, "प्राजू, चटणीचं लिही त्या कोऱ्या बाजूला."

"ते कसलं काम, आज्जी? घरातलं ते."

"घरातली बुरशी वेगळी असती व्हय गं? शोधलंस, वहीत मांडलंस. आणि माझ्यासारखीला न दुखवता तिची चूक दाखवलीस. तेवढं तर तुझ्या बापाला अजून जमत न्हाय!"

प्राजू हसली, मग हळूच म्हणाली, "पण त्यात तुझं नाव येतंय की."

"येऊ दे की."

मागं सुनीता कपडे वाळत घालत होती, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. "म्हणजे आत्ती, माझा चमचा न्हवताच?"

"न्हवता गं बाई... कांदा माझाच ओला होता. चुकलं माझं." एवढं बोलायला मला एक वर्ष लागलं.

तिनं हातातली ओली चादर एक जोराचा झटका देऊन झटकली. "वर्षभर चमचे पुसून पुसून झिजवले की हो मी!" आणि हसायलाच लागली. मी पदर डोळ्याला लावला, मिरचीचं निमित्त होतंच...

बुधवारी प्राजू इंटरव्ह्यूला गेली. तिथल्या मॅडमनी मार्कांचं थोडंच विचारलं म्हणे, चटणीचंच फार. कांदा सोडून बाकी सगळं सारखं का ठेवलंस, रोज का लिहिलंस... पोरगी घडाघडा बोलली. शुक्रवारी फोन आला, घेतलं तिला! परीक्षा झाली की रुजू व्हायचं.

ज्या सरांनी कागदावर ती एक रेघ मारायला लावली, त्यांचे उपकार कसे फेडू? डिग्री आम्हाला दिसत होती, पण पोरीला काय येतं ते घरात कुणालाच दिसलं नव्हतं... तिला स्वतःलाही.

आज कांदा उन्हात टाकलाय. सुनीतानं हातानं चुरडून "व्हय, वाळला" म्हटल्याशिवाय यंदा त्याला कढई दाखवायची नाही. आणि पहिली बरणी सरांच्या घरी जाणार... प्राजूच्या हातची चिठ्ठी चिकटवून.