दरबारात उभे देशमुख

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. पण या सदरात इतरांचे अनुभव वाचले आणि वाटलं, आपलाही एक सांगून टाकावा... वय झालंय आता.

मी पेंटर. निजामाच्या राज्यात कळंबला दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एकदा भूमजवळच्या एका गावच्या देशमुखांनी बोलावलं. त्यांच्या दिवाणखान्यात भली मोठी जुनी तसबीर होती — भरलेला दरबार. सिंहासनावर राजा, मागं चवऱ्या ढाळणारे, पुढं मानकरी, हात बांधून आणि माना खाली घालून उभे.

"पेंटर, या मानकऱ्यांत मला बी काढा," देशमुख म्हणाले. "पाव्हण्यांनी बघत ऱ्हावं!"

जुन्या चित्राला हात लावणं जिवावर आलं, पण काढलं. हुबेहूब देशमुख... हात बांधलेले, मान खाली.

दुसऱ्या दिवशी मी सामान आवरत होतो, तर त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, धावत आल्या. देशमुख सकाळपासून तसबिरीसमोर उभे होते. हात बांधून, मान खाली घालून.

"अवो, बसा की," बाईसाहेब विनवू लागल्या.

"हुकूम न्हाय," देशमुख पुटपुटले.

"कुणाचा हुकूम? घर तुमचंच हाय न्हवं?"

गड्यांनी खांदे दाबून पाहिले, गुडघे वाकेनात. हकीम नाडी बघून गेले. दुपारपर्यंत पाय टम्म सुजले. मग बाईसाहेबांनी माझ्यापुढं पदर पसरला.

"पेंटर, पुसा ते!"

खरं सांगतो, माझा विश्वास नव्हता. त्यांच्या समाधानासाठी टर्पेंटाइनचा बोळा घेतला. रंग ओलाच होता. चेहरा गेला, हात गेले. पाय पुसले आणि मागं धप्पकन आवाज आला. देशमुख जमिनीवर बसले होते... घळाघळा रडत होते.

"बाजूचा मानकरी सारखा म्हनत व्हता," ते म्हणाले, "जाताना मला बी न्या."

आम्ही कुणीच तसबिरीकडं पाहिलं नाही.

पुढं एका डॉक्टरांना हे सांगितलं. म्हणाले, मनाचा खेळ. असेलही. पण मन देशमुखांचं आणि रंग माझा — त्या दोघांचा संबंध काय, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.