पाद्रीनबाईची जायची साडी

पाद्रीसाहेबांना राग यायचा नाही. असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि त्यांचा मला आजपर्यंत राग येतो. लोक म्हणतील, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. नये तर नये. माझी चौथी त्यांच्याच शाळेत झाली, अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं. त्याच अक्षरानं त्यांना चार शब्द सुनावले तर बिघडलं कुठं?

आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे. गावाबाहेर, आमच्या मोहल्ल्याला लागून मेथडिस्ट ख्रिस्त्यांचं कवेलूच्या छपराचं देऊळ, बाजूला पाद्र्याचं घर, घरापुढे विहीर. साहेब मूळचे आमच्यातलेच, आजोबाच्या वेळेपासून ख्रिस्ती झालेले. त्यांनी वांगी लावली की गावातलं कोणीतरी मुद्दाम बैल सोडायचं. साहेब उजाड वाफ्याजवळ उभे राहून म्हणायचे, "जनावरालेबी हिरवं दिसते ना रे." एकदा सायकलचं टायर कोणी ब्लेडनं कापलं. साहेब पाच गावची उपासना पायी करून आले, टाचा फुटलेल्या, आणि मला सांगतात, "बरं झालं दौलत, सायकलीवर कोनी बोलत नाई. पायी गेलो तं दोन मान्सं बोलले." मी म्हटलं, "साहेब, टायर कोनं कापलं थे मले माहीत हाय." तर म्हणाले, "मंग त्याले सांगजो मी पोचलो म्हनून."

दोघांचा राग एकट्या बाई करायच्या. पाद्रीनबाई पुलगावकडच्या एका बोर्डिंगात वाढलेल्या. आईबाप कोण ते त्यांना माहीत नव्हतं. बुटक्या, अंगानं बारीक, आवाज मात्र नदीपर्यंत जायचा. कोणी भांडण घेऊन येवो की दुखणं घेऊन, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "धुवून घे, मंग बोल." विहिरीवर हातपाय धुतल्याशिवाय त्या ऐकायच्याच नाहीत. गावच्या विहिरीवर आम्हाला कोणी उभं करत नव्हतं. इथं मात्र धुतल्याशिवाय आत घेत नव्हते. ज्याला या दोन गोष्टींतला फरक कळत नाही, त्याला बाई कळायच्या नाहीत.

एकदा गावातले एक मोठे शेतकरी डोळा सुजलेला घेऊन कुंपणाबाहेर उभे. दवा बाहेरच आणून द्या म्हणत होते. बाई फाटकात गेल्या. "धुवून घे, मंग बोल." गडी जागचा हलेना. बाई म्हणाल्या, "माह्या विहिरीच्या पान्यानं तुही जात जाईन अन् डोळा राहीन. दोन्हीतलं काय पायजे थे सांग. माह्या चुलीवर भाजी हाय." शेतकऱ्यानं चहूकडे पाहिलं आणि मुकाट्यानं विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. डोळा राहिला. जात कुठं गेली नाही, ती आजही त्यांच्या घरी ठणठणीत आहे.

बाईंना नाद एकच, पांढऱ्या कपड्यांचा. देवळातल्या मेजावरची चादर, साहेबांची धोतरं, पोरांच्या बाप्तिस्म्याचे झगे, सगळं त्या स्वतः धुवायच्या, नीळ घालायच्या आणि अंगणातल्या तारेवर वाळवायच्या. लांबून आमचा मोहल्ला दिसायचा नाही, ती तार दिसायची. नीळ जास्त झाली तर पुन्हा धुवायच्या. वर्षातून एकदा, ऊन कडक पडलं की, पेटीतली लग्नातली पांढरी साडी काढायच्या. कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेली. बोर्डिंगातून सासरी आणलेली, स्वतःची म्हणावी अशी तेवढीच वस्तू. "हे माही जायची साडी," त्या सगळ्यांना सांगायच्या. "हेच नेसून देवळात आली, हेच नेसून मातीत जाईन." ख्रिस्ती बायकांत तशी रीतच होती. माझी बायको कौसा तेव्हा नवी नवरी, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "बाई, लोकं जगन्याची तयारी करत नाईत, अन् तुमी तं मरनालेबी इस्तरी करून ठेवली." बाई खूप हसायच्या.

मग छप्पनचा दसरा आला. नागपूरला दीक्षा घ्यायला माणसं निघाली, आमचा सारा मोहल्ला निघाला. ज्यांच्या बापांनी बाप्तिस्मा घेतला होता तेही निघाले, त्यात मीही. सांगायला साहेबांकडे गेलो. वाटलं होतं, हा माणूस आता तरी भांडेल. मी रस्ताभर उत्तरं जुळवत गेलो होतो. साहेब म्हणाले, "गर्दी राहीन. लेकरं सांभाळा. पानी संगं ठेवजा." माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. मला त्यांचा इतका राग आला की नमस्कार न करताच मी पायरी उतरलो.

बाईंनी मागून हाक मारली. "कौसा काऊन नाई आली?" मी सांगितलं, ती येत नाही म्हणते. तिथं पांढरं नेसून जायचं होतं आणि कौसाजवळ पांढरं म्हणून काही नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात पांढरं होतंच कोणाकडे? बाई म्हणाल्या, "बलाव तिले." त्या दिवशी त्यांनी अख्खी तार उतरवली. साहेबांची धोतरं गड्यांना गेली, स्वतःच्या रोजच्या दोन पांढऱ्या साड्या म्हाताऱ्यांना दिल्या. कौसा पोचली तेव्हा काही उरलं नव्हतं. बाई आत गेल्या, पेटी उघडली आणि ती साडी आणून कौसाच्या हातावर ठेवली.

कौसा मागं सरली. "बाई, हे तुमची जायची."

"मी का उद्या जाऊन राह्यली? नेस अन् आनून दे." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जा म्हनून मी सांगत नाई, थांब म्हनूनबी सांगत नाई. मले वाईट वाटून राह्यलं, थे माह्यापाशी. पन इतल्या लोकांत माह्या गावची बाई मळकी उभी राह्यली, थे मी होऊ देनार नाई."

नागपूरहून परत आल्यावर कौसानं ती साडी बाईंच्याच पद्धतीनं धुतली. नीळ दोनदा बिघडली, दोनदा पुन्हा धुतली. तांब्यात निखारे घालून इस्त्री केली आणि आम्ही द्यायला गेलो. दारात जीप उभी होती. शहरातले मिशनचे मोठे साहेब आले होते. ते पडवीत खुर्चीवर, आमचे साहेब उभे. मोठे साहेब म्हणत होते, "मेंढरं गेली ती गेली. पण तुम्ही त्यांना कपडे घालून पाठवलंत?" तेवढ्यात त्यांना कौसाच्या हातातली घडी दिसली. म्हणाले, "तिकडे नेसून आलेलं कापड इथे आत आणायचं नाही. मिशनच्या घरात नाही."

मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. साहेब खाली पाहत होते. तो क्षण आठवला की अजून माझे दात आवळतात. एक शब्द बोलायचा होता हो. एकच.

बोलल्या बाई. "साडी माही हाय. हे घर मिशनचं हाय, तं मी आपली घराबाहेर येते." त्या पडवी उतरून अंगणात आल्या, त्यांनी साडीवर हात फिरवला आणि ती कौसालाच परत दिली. "तुह्यापाशी ठेव. वखत आली का घेऊन येजो. ध्यानात राहीन ना?" कौसानं मान हलवली. घडी पदराखाली घेतली.

मेथडिस्टांत पाद्र्याचं घर त्याचं नसतं. सगळे पाद्री वर्षातून एकदा मोठ्या सभेत जमतात, कोणी कुठं जायचं ती नावं वाचली जातात, आणि नाव ऐकलं की पेटी बांधायची. त्या वेळी साहेबांचं नाव आर्वीच्याही पलीकडे, डोंगराकडच्या एका गावासाठी वाचलं गेलं. तिथं घर नाही, विहीर नाही, कुडाची एक खोली. साहेब म्हणाले, "प्रभूची इच्छा." प्रभू जीपमधून येतो हे मला त्या दिवशी कळलं.

बैलगाडीत सामान असं नव्हतंच. पोचवायला मी, कौसा आणि तीन म्हाताऱ्या. ज्यांनी त्यांची धोतरं नेसली ते गडी दारातूनच पाहत राहिले, ते सोंगही मी विसरलो नाही. मी साहेबांना म्हटलं, "तुमाले कशाचाच राग येत नाई का?" साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मले जमत नाई रे दौलत. तुले येते ना? माह्या वाट्याचाबी तूच करजो." बाई गाडीतून ओरडल्या, "अन् माहा मी करीन. चाला आता, ऊन होऊन राह्यलं."

तीनेक वर्षं गेली. एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला, पाद्रीनबाई तापानं गेल्या. कौसानं पेटीतून साडी काढली, पाला झटकला आणि तशीच निघाली. दोन बस बदलून पोचलो. बाईंना अजून घराबाहेर काढलं नव्हतं. अंगावर कोणाचं तरी चौकड्याचं लुगडं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे दोन पुढारी दारात आडवे झाले. त्यांना सगळं माहीत होतं. अशा गोष्टी बरोबर पोचतात. "ती साडी चालनार नाई. बौद्धाच्या घरची हाय." कौसा म्हणाली, "बौद्धाच्या घरची नाई, बाईची हाय. त्याईनं मले आनाले सांगतलं." तिनं तीन वेळा सांगितलं. शेवटी साहेबांकडे वळली. साहेब उभे होते. बाईंसाठीही ते बोलले नाहीत. बाई चौकड्याच्या लुगड्यात मातीत गेल्या.

सगळे पांगल्यावर साहेबांनी कौसाकडून साडी मागितली. नाकाजवळ नेली, उलटून पाहिली, मग त्याच घडीवर पुन्हा घडी घालून परत दिली. "नीळ बरोबर पडली," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आता तरी बोला त्या मान्साईले." ते म्हणाले, "आता बोललो तं तिले आयकू जाते का?" पुढं ते फार दिवस राहिले नाहीत.

साडी कौसापाशी राहिली. वर्षातून एकदा, ऊन कडक पडलं की, ती काढायची, धुवायची, नीळ घालायची. आमच्या तारेवर तेवढा एक दिवस ती पांढरी साडी असायची आणि त्या दिवशी कौसा कोणाशी बोलायची नाही.

या उन्हाळ्यात कौसा गेली. आमच्यातही बाईला पांढरंच नेसवतात. पुतण्या वर्ध्याहून कोरी साडी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, हे जुनी कायले? नवी आनली ना." मी म्हटलं, "ठेव, तुह्या कामात पडन." म्हाताऱ्यांना मी सांगितलं, आधी तिला धुवून घ्या, मग ही नेसवा. कोणी आडवं आलं असतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. काठी हातातच होती. कोणी आलं नाही.

साहेबांच्या वाट्याचा राग मी अजून करून राह्यलो. माझ्या वाट्याचा आता कुठं सुरू झाला.