ताटावरचं नाव

आठवीपर्यंत पोराला शाळेत खिचडी मिळते. नववीत गेलं की मिळत नाही. नववीतल्या पोराला भूक लागत नाही असं वर बसून कुणीतरी ठरवलं असावं. त्या माणसाच्या घरी नववीतलं पोर नसणार. माझ्या घरी होतं. दप्तर खाली टेकायच्या आत जिचा हात भाकरीच्या दुरडीत जायचा अशी मुलगी होती.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीला संपली आणि तिला लातूरच्या एका शाळेत प्रवेश मिळाला. वसतिगृहात खाट मिळाली, पण जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं होतं. मग आमच्या भागात सगळे करतात तेच आम्ही केलं. डबा एसटीनं पाठवायला सुरुवात केली. आमचं गाव लोह्याच्या पुढे, लातूरच्या रस्त्याला लागून आहे. सकाळी डबा फडक्यात बांधून फाट्यावर उभं राहायचं, कंडक्टरच्या हातात द्यायचा, आणि मधल्या सुट्टीत पोरीनं लातूरच्या स्टँडवर पळत येऊन तो उचलायचा. ड्रायव्हरच्या मागं अशा डब्यांची रांगच लागलेली असते. कुठल्या डब्यात मेथी आहे हे आमचा कंडक्टर वासावरून सांगायचा, आणि मीठ कमी पडलं तर तेही सांगेल की काय अशी मला धास्ती असायची.

एक दिवस डबा लातूरला उतरलाच नाही. गर्दीत कुणीतरी तो निलंग्याच्या गाडीत ठेवला. तिथं कुणीतरी पोटभर जेवलं, आणि माणूस भला म्हणून डबा घासून, आत गुळाचा खडा ठेवून, आल्या वाटेनं परत पाठवला. गूळ फार छान होता. पण पोरगी त्या दिवशी उपाशीपोटी गणिताच्या तासाला बसली होती, आणि हे तिनं मला चार दिवसांनी सांगितलं. मला इतका राग आला की तो गूळ मी चहात घातला नाही, नुसताच कडाकडा खाल्ला.

शाळेची स्वतःची मेस होती. पूर्ण दर आम्हाला झेपणारा नव्हता, पण गरजू मुलांना अर्ध्या दरात जेवण मिळायचं. त्यासाठी अर्ज करायचा होता. आमचे हे म्हणाले, "दिवाळीपत्तर बघू. न्हाई जमलं तर आणू परत. लोह्याला बी शाळा हायेत की."

शाळा लोह्याला आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण परत आलेली मुलगी शाळेत कमी आणि लोकांच्या नजरेत जास्त असते. एका लग्नात एक बाई तिच्याकडे बघून मला म्हणाली होती, "उंची चांगली झाली की हिची." उंचीची ही तारीफ मला चांगली कळते. माझीही अशीच झाली होती. दहावीचा निकाल लागायच्या आधी माझं नाव लग्नाच्या भांड्यांवर लागलं. निकाल नंतर आला. पास झाले होते, पण तोवर मी इथं भाकरी थापत होते. म्हणून मी ठरवलं की ही सवलत मिळवायचीच.

अर्ज भरला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली. शेवटची अट होती घरभेटीची. शाळेकडून दोन माणसं येणार आणि आम्ही खरंच गरजू आहोत का ते डोळ्यांनी बघणार.

इथं आमची पंचाईत झाली. गरज खरी होती, पण घरात फ्रिज होता. माझ्या भावानं नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. आला तेव्हा एक उन्हाळा चालला, मग बंद पडला. तेव्हापासून मी त्यात ज्वारीचं पीठ, पापड आणि कुरडया ठेवते. मुंग्या लागत नाहीत, उंदीर शिरत नाही, फार उत्तम कपाट आहे. पण लातूरच्या माणसांना हे कोण पटवणार?

"अक्काच्या घरी नेऊन ठेवू," हे म्हणाले. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून राहते. दोघांनी मिळून फ्रिज ओढत नेला. टीव्हीवर गोधडी टाकली. भावानं दिवाळीला दिलेली चादर घडी घालून पेटीत गेली. खरी गरिबी दिसावी म्हणून आम्ही खोटी गरिबी मांडत होतो, आणि खरं सांगते, मला मजा येत होती. यांनी फाटका बनियन घातला तेव्हा मी म्हटलं, "तो नाटकात धरू नका. तो रोजचाच हाय."

फ्रिज गेला, पण भिंतीवर त्याच्या जागेचा स्वच्छ निळा चौकोन राहिला. बाकीची भिंत धुरानं काळपट आणि मधोमध ही निळाई.

चहा कसला करायचा तेही मी ठरवून ठेवलं होतं. कोरा. सोबत काही नाही. कुणी काही खायला काढायचं नाही, अक्कालाही बजावलं होतं.

भेटीच्या दिवशी एक सर आणि एक मॅडम आले. फाट्यावरून भर उन्हात चालत आले होते. सर जाडजूड, काखेत फाईल. मॅडमच्या चपला धुळीनं माखलेल्या आणि चेहरा उन्हानं उतरलेला. आल्या आल्या सरांची नजर भिंतीवर गेली.

"इथं काय होतं?"

आमचे हे पडले निर्लज्ज. म्हणाले, "तेवढ्याच भिंतीला रंग दिलाय, सर. बाकीचा जमल तसा देऊ."

सरांनी मान डोलावून फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, जमलं. आता कोरा चहा दिला की काम फत्ते.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "ताई, काही करू नका हं. पाणी दिलं तरी पुष्कळ."

आमच्याकडे पाहुण्यानं हे वाक्य उच्चारलं की आत तवा चढलाच पाहिजे. नाही चढला तर पाहुणा काही म्हणत नाही, गाव म्हणतं. तरी मी दम धरून बसले. पोरीचं तोंड डोळ्यांपुढं आणून बसले. आणि आठवडाभर गरिबीची तालीम केलेला माझा नवरा खाकरला आणि म्हणाला, "असं कसं, मॅडम? जेवणाच्या वक्ताला आमच्या दारातून उपाशी जाता का? अगं, ताटं कर."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून शेतात गेला असता. पण तोंडातून शब्द बाहेर पडला होता. आणि खोटं कशाला बोलू, माझेही हात शिवशिवत होते. उन्हातून आलेल्या बाईला कोरा चहा पाजून वाटेला लावायचं माझ्याच्यानं झालं नसतं.

आता ताटं करायची कशात? माझ्या लग्नातली भांडी नणंदेच्या लग्नात गेली. उरलेल्या दोन ताटांत एकाला पोचा आणि दुसऱ्यात कोंबड्या पाणी पितात. मी मागच्या दारानं अक्काकडे गेले. तिनं गल्लीत हाक मारली, आणि पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही.

"लातूरचे पाव्हणे आलेत, पोरीच्या शाळेचे," एवढं गल्लीला पुरलं. एकीनं दह्याचं गाडगं आणलं, एकीनं भरली वांगी, तिच्या घरी दुपारसाठी केलेली. अक्कानं तूप आणलं, जे ती माझ्या नवऱ्याला, म्हणजे सख्ख्या दिरालाही, बोटावर लावून देते. बचत गटाच्या पेट्यांतून ग्लास निघाले, किराणा दुकानदाराच्या घरून वाट्या आणि मारुतीच्या देवळातून ताटं आली. मी धपाटे लाटत होते, कुणीतरी कुरडया तळत होतं. घराच्या मागं लग्नघर झालं होतं आणि पुढं आमचे हे, फाटक्या बनियनमध्ये, पाऊस यंदा कसा दगा देऊन राहिला ते सरांना सांगत होते.

सर जेवायला बसले ते मन लावून. "बस, बस," म्हणायचे आणि ताटावरचा हात उचलून घ्यायचे. अक्का तूप वाढत राहिली. शेवटी सरांनी पाणी पिऊन ढेकर दिला, हात पुसले, फाईल उघडली आणि दुःखी चेहरा केला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण जे दिसतं ते लिहावं लागतं. घरात खाण्यापिण्याची परिस्थिती उत्तम आहे."

आणि लिहायला लागले. मला काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या आधी तोंडात शब्द आले.

"सर, उत्तम तुम्ही खाल्लं. आम्ही अजून जेवलो न्हाई."

अक्का तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. यांनी पहिल्यांदा मान खाली घातली. माझं डोकं तापलं होतं आणि तितकीच लाजही वाटत होती. जेवू घातलेल्या माणसाला असं बोलतात का? पण पोरगी परत येणार हे मला त्या पेनाच्या टोकाशी दिसत होतं. तिची उंची, ती लग्नातली बाई, सगळं.

मॅडमनी आपलं रिकामं ताट थोडं उचललं आणि काठ बघितला. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या ताटावर नाव कुणाचं आहे?"

सरांनी ताट फिरवून वाचलं. "मारुती देवस्थान."

"माझ्याही. आणि वाटी?"

वाटीवर किराणा दुकानदाराच्या वडिलांचं नाव होतं. ग्लासवर महिला बचत गट. गाडग्यावर नाव नव्हतं, पण ते न्यायला त्याची मालकीण दारातच उभी होती, कारण तिला संध्याकाळी त्यातच विरजण लावायचं होतं. सर एकेक भांडं उचलून वाचत गेले. परीक्षेच्या पेपरात कुणी दुसऱ्याचं बघून लिहिलंय हे कळल्यावर मास्तरांचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"तुमचं ह्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

आमचे हे तोवर सावरले होते. म्हणाले, "पीठ न् मीठ आमचं, सर. बाकी गावचं. पर मीठ आमचं हाय, तवा आता जागा मिठाला."

सर हसले. आधी नाकातून, मग पोट हलवून. लिहिलेली ओळ खोडली आणि त्या जागी काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. मी पुढं होऊन मघाच्या बोलण्याची माफी मागितली, तर म्हणाले, "राहू द्या ताई. धपाटे मात्र खरंच उत्तम होते."

निघताना अक्कानं मॅडमना हळदीकुंकवासाठी आपल्या घरात नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ओठांवर हसू दाबलेलं होतं.

"ताई, तुमचा फ्रिज परत आणून ठेवा. जाऊबाईंनी दाखवला मला. आमच्या जावेला काही कमी नाही, म्हणाल्या."

मी अक्काकडे बघितलं. ती अभिमानानं उभी होती. तिनं आमच्या घराची इज्जत राखली होती.

"बंद हाय, मॅडम," मी म्हटलं. "पीठ ठेवते त्यात."

"बघितलं मी. कुरडया त्यातल्याच ना?" असं म्हणून त्या फाट्याच्या वाटेला लागल्या.

त्यानंतर दोन आठवडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडी परत करताना प्रत्येकीच्या वाटीत काहीतरी घालून द्यावं लागलं, आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, त्यामुळे फ्रिज पार रिकामा झाला. मग एका संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनवरून पोरीचा फोन आला.

"मम्मी, मंजूर झालं." आणि लगेच, दम न घेता, "आज पोळी अन् मटकीची उसळ होती. मी चार पोळ्या खाल्ल्या. अन् ऐक, मेसमध्ये ताट-वाटी ज्याची त्याची लागते. नाव घालून आणायला सांगितलंय. अदलाबदल होती न्हाई तर."

मी फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडले. आमचे हे विचारायला लागले, काय झालं, नाही म्हणाले का? मी त्यांना बराच वेळ तसंच ताटकळत ठेवलं. 'ताटं कर' म्हणाले होते त्याची तेवढी शिक्षा बरी होती.

लोह्याच्या बाजाराच्या दिवशी मी नवं कोरं स्टीलचं ताट आणि वाटी घेतली. नाव घालणारा दुकानाच्या पायरीवरच मशीन घेऊन बसतो. त्यानं ताट मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुणाचं नाव?"

मी पोरीचं नाव सांगितलं. तिचं, मग तिच्या बापाचं, मग आडनाव.

"लग्न कधी हाय?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"लग्न न्हाई. नववीला हाय."

"मग पोरीच्या नावाचं ताट आताच कामून करून राहिल्या?"

"जेवायचं हाय तिला," मी म्हटलं.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मशीन सुरू केलं. घर्र घर्र आवाज करत अक्षरं उमटत गेली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं नाव एका बाजूला घेतलं होतं, 'हिच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट' एवढं मावेल इतकी जागा सोडून.

"मायबाई, हे तर रिकामं ऱ्हायलं," तो म्हणाला. "काय घालू इथं?"

"राहू द्या तसंच," मी म्हटलं. "काय घालायचं ते ती शिकून आली की सांगल."