मुलुंड ते अंधेरी, पाइपवरचा लॅपटॉप

शनिवारी सकाळी आम्ही मुलुंडहून निघालो तेव्हा गाडीत माझा नवरा प्रकाश, माझे बाबा, मी, एक मोजपट्टी आणि बाबांच्या हस्ताक्षरातला एक कागद होता. लोक प्रवासवर्णन लिहायला हिमालयात जातात. मी कुर्ल्याला गेले, आणि मग अंधेरीला, अकरा वेळा. अंधेरीत पाहण्यासारखं काही होतं का, हे मला विचारू नका. का, ते पुढे येईलच.

बाबांना घशाचा कॅन्सर झाला होता. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात पंचवीस दिवस रोज शेक (रेडिएशनला घरोघरी हाच शब्द आहे) घ्यायचा होता. प्रकाशची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. सकाळची मुलं सोडली की दुपारपर्यंत तीच आमची घरची गाडी. प्रश्न माझा होता. मी एका विमा कंपनीसाठी घरून कागद तपासते. पाच मिनिटं स्क्रीनवर हालचाल झाली नाही की साहेबांकडे माझ्या नावापुढे लाल ठिपका लागतो. रजा संपल्या होत्या. नोकरी गेली तर शेक बंद, आणि नोकरी करत बसले तर बाबांना नेणार कोण?

लॅपटॉप मांडीवर ठेवून पाहिला. पहिल्याच खड्ड्यात तो माझ्या पायाशी गेला. तयार स्टँडची किंमत ऐकून आम्ही फोन ठेवला. शिवाय गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचं नव्हतं, आणि दुपारी मुलं बसायच्या आत सगळं काढून ठेवता यायला हवं होतं.

बाबा भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. ते म्हणाले, "मी करून देतंय. माका एक दुपार गाडी दे." रविवारची सबंध दुपार ते उभ्या गाडीत बसून होते, दारं लावून. बाहेर आले ते मापांचा कागद घेऊनच.

कुर्ल्याच्या गल्लीत आम्ही पोहोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. दोन्ही बाजूंना पाइप, साखळ्या, जुनी इंजिनं, आणि सगळ्यावर तेलाचा काळा थर. इथे चालताना साडी नेसू नये, एवढी माहिती प्रवाशांच्या उपयोगाची आहे. दाढी पिकलेल्या एका दुकानदाराने कागद उलटसुलट पाहिला आणि मान डोलावली. काम सोपं होतं. लोखंडाच्या पट्टीला भोक पाडायचं, सीट जमिनीला ज्या बोल्टने बसवलेली असते त्याच बोल्टखाली ती दाबायची, पट्टीवर एक आखूड नळी जोडायची, त्या नळीत उभा पाइप सोडायचा आणि पाइपच्या डोक्यावर प्लायवूडची फळी. काम झालं की पाइप उचलून बाहेर काढायचा.

"कौन सी सीट?" दुकानदाराने विचारलं.

"आगे की," मी म्हणाले. बाबा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांचा आवाज तेव्हा घोगऱ्या कुजबुजीपलीकडे जात नव्हता आणि समोर कटर चालू होता.

पुढच्या सीटजवळ पाइप बसवला तर फळी माझ्या छातीला लागली. माप चार बोटं जास्त होतं. मी चिडले. सोमवारपासून शेक सुरू होणार होता आणि इथे पहिल्याच घासाला खडा लागला होता.

"बाबांचं आता होत नाही गं," प्रकाश माझ्या कानाशी म्हणाला. हळू बोलायची त्याला सवय नाही.

"उमर हो गई, चाचा," दुकानदार हसून म्हणाला.

"काट दो," मी सांगितलं.

बाबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "रवांदे (राहू दे)," एवढंच म्हणाले. पाइपचा तुकडा जमिनीवर पडला, तो त्यांनी वाकून उचलला आणि दुकानदाराच्या भंगारात नीट ठेवला. तीस वर्षांत एकही माप न चुकलेला माणूस आता चुकायला लागला, म्हणून मला त्यांची कीव आली. कीव आली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

येताना घाटकोपरला वडा-उसळ खायला थांबलो. बाबांनी थर्मासमधली पेज (पातळ, मऊ शिजवलेला भात) चार चमचे घेतली आणि आमच्याकडे बघत बसले. त्यांना तिखटाचा वास चालत नव्हता, हे आमच्या बशा रिकाम्या झाल्यावर आमच्या लक्षात आलं.

सोमवारी पहिली फेरी. हायवेवर कांजूरमार्गला डम्पिंगचा वास आत शिरतो, म्हणून काचा वर. मग पवईकडे वळण. पहिल्याच गतिरोधकाला लॅपटॉप फळीवरून घसरला. संध्याकाळी फळीवर रबराची चटई चिकटवली आणि एक पट्टा आवळला. मंगळवारपासून लॅपटॉप जागचा हलेना. प्रकाश म्हणाला, "झकास! तुझं ऑफिस आता अंधेरीला रोज अप-डाउन करणार."

खरंच झकास होतं. इतकं की मला मान वर करावी लागत नव्हती. फोनची रेंज कुठे जाते ते मला पाठ झालं: पवईच्या चढाला एकदा, सीप्झच्या सिग्नलआधी एकदा. मागच्या सीटवर बाबा खिडकीतून काय बघत असत, मला ठाऊक नाही. मधूनच ते खाकरत. मी हात वर करून "थांबा बाबा, कॉल चालू आहे" अशी खूण करायची. हॉस्पिटलच्या आवारात प्रकाश त्यांना आत न्यायचा आणि मी गाडीत कागद तपासायची. लाल ठिपका एकदाही लागला नाही. साहेबांनी कौतुक केलं.

अकराव्या फेरीला पवईच्या उतारावर एक रिक्षा आडवी आली. प्रकाशने करकचून ब्रेक मारला. मागे धप्प आवाज झाला. बाबांच्या मानेची कातडी शेकाने भाजून निघाली होती, सीटबेल्ट घासला की आग व्हायची, म्हणून ते तो लावतच नव्हते. मला हे माहीत नव्हतं. प्रकाशला माहीत होतं.

कॉलवर साहेब होते. मी आधी माइक बंद केला, मग मागे वळले. दोन्हींमध्ये किती वेळ गेला असेल? एक क्षण. पण क्रम तोच होता, आणि तो मला आता बदलता येत नाही.

बाबा दोन सीटांच्या मध्ये अडकून बसले होते, एका हाताने वर धरायला काही शोधत. गाडी कडेला घेतली. मी मागे गेले, त्यांना काखेत धरून वर ओढलं आणि शेजारी बसले. किती हलके झाले होते ते! प्रत्येक वळणाला त्यांचं अंग इकडून तिकडे जात होतं. अकरा दिवस ते असेच जात होते.

लॅपटॉप पुढे वाजायला लागला. प्रकाशने तो पाइपसकट उपसून माझ्याकडे दिला. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच आहे. पाइप जमिनीवर टेकवला तर फळी माझ्या मांडीला लागली. चार बोटं कमी.

"बाबा, माप या सीटचं होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा काम खोळांबला असता, चेडवा (मुली)," ते म्हणाले. "माका वाटला, तू हयसर (इथे) बसशीत. वळणार (वळणावर) धरूक कोण तरी होया (हवं) होता."

मी लॅपटॉप बंद केला. नोकरीचं काय होईल याचा विचार त्या वेळी केला नाही, नंतर पुष्कळ केला. उरलेल्या रस्त्यात बाबांना धरून बसले आणि पहिल्यांदा बाहेर पाहिलं. पवईचा तलाव दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.

हॉस्पिटलात त्या दिवशी शेक झाला नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, आणि आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं. "शरीराला आता झेपत नाहीये," ते म्हणाले. "यापुढे शेक देऊन फक्त त्रास वाढेल. उद्यापासून आणू नका. घरी ठेवा, आराम द्या." व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा चाकाच्या खुर्चीत बसले होते. लांबून त्यांनी हात वर केला.

परतीच्या वाटेवर मी मागेच बसले. कांजूरमार्गला काच वर केली, तर ते माझ्या खांद्यावर झोपले होते. प्रकाश आरशातून बघत होता. आम्ही दोघांनी काहीच ठरवलं नव्हतं, कसं सांगायचं, कोणी सांगायचं.

मुलुंडला गाडी थांबल्यावर त्यांना जाग आली. उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा बरा दिसत होता.

"फाल्या (उद्या) किती वाजता निघूचा?"

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं.

"साडेआठला," मी म्हणाले. "मी मागे बसेन."

"मगे माका येळार (वेळेवर) उठव," बाबा म्हणाले.