शुभाने लावलेल्या फेऱ्या

रत्नागिरीच्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी गोठ्यात फणसपोळीचे ट्रे उलटत होते. हात चिकट, म्हणून कोपराने फोन स्पीकरवर टाकला. माझे यजमान सुट्टी काढून बहिणीजवळ थांबले होते. "शुभा गेली," एवढंच बोलले. मी बरं म्हटलं, उरलेले ट्रे उलटले आणि मग हात धुतले. रडू त्या दिवशी आलंच नाही. वर्षभरात आम्ही इतके दमलो होतो, की मनात पहिलं आलं ते हेच... आता संध्याकाळची एसटी धरायची नाही.

शुभा माझी धाकटी नणंद. मुंबईकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात तिने उमेदीची वर्षं काढली. यंत्रांचं तापमान, दाब आपोआप सांभाळणारे कंट्रोलर लावून देणं हे तिचं काम. लग्न केलं नाही. कारखाना बंद झाला तशी देवरूखजवळच्या आमच्या घरी, म्हणजे तिच्या माहेरी, परत आली. हे मुंबईला नोकरीत, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आमचे बरके, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचे, फणस पिकतात ते नेमके ढग भरून यायच्या दिवसांत. पोळी वाळवायला ऊन नाही, आणि झाडांखाली नुसती कुजट घाण. गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तिथे शुभाने विजेवरचा ड्रायर उभा केला. पहिलीच पोळी वरून चामड्यासारखी आणि आतून ओली निघाली. आठवड्याभरात तिला बुरशी आली.

मी म्हटलं, "उष्णता वाढव, पंखा वाढव, झडप उघड. सगळंच करून बघूया."

"सगळं एकदम बदललंस तर कशाने सुधारलं ते कळणार कसं गो, वहिनी?" ती म्हणाली. "आणि आपण बटणं पिळत बसायचं नाही. यंत्रालाच सांगून ठेवायचं."

मग तिने लॅपटॉप ड्रायरच्या कंट्रोलरला जोडला. किती उष्णता, पंखा किती जोरात, ओलसर हवा बाहेर सोडणारी झडप किती उघडी, हे सगळं तिने आधीच एकापुढे एक लावून ठेवलं. एक ट्रे वजनकाट्याला टांगला. रस पसरून दार लावलं की यंत्र आपलं आपण चालायचं, आणि पोळीचं वजन कसं उतरत गेलं याची नोंदही करायचं. अशा एका खेपेला ती 'फेरी' म्हणायची. मध्येच लाईट गेली की ती फेरी बाद, नवा रस, पुन्हा पहिल्यापासून. "वाळली ना पोळी, मग झालं की," असं मी कितीदा म्हटलं असेल. "नाही गो, बाद म्हणजे बाद." फणस फोडून, चीक काढून काढून माझी बोटं सोलवटून निघायची. तिला दया यायची, पण फेरी काही सोडायची नाही.

दुसऱ्या मोसमाआधी तिचं दुखणं निघालं. औषधांनी केस गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण जिभेची चव गेली. चहा, आमटी, मासे, सगळं खडूसारखं लागायचं. वजन काट्यावर कळत होतं, पण चव सांगणारं यंत्र नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. मी तुकडा तोंडात टाकून म्हणायची, "छान आहे." ती चिडायची. "छान म्हणजे काय? दाताला चिकटते का? गोडी आधी लागते की मागून? करपल्याचा वास येतो?" मला फणसाचा वासही नकोसा झाला होता, पण तिच्यासाठी सावकाश चावायची आणि आठवून आठवून सांगायची. माझं ऐकून ती पुढच्या फेऱ्या लावायची. हॉस्पिटलच्या खाटेवरून, फोनवरूनसुद्धा. तेवढा वेळ तिला दुखण्याचा विसर पडायचा.

या मोसमात एका फेरीत शेवटी पोळी जमली. सुरुवातीला झडप जवळजवळ बंद ठेवून मंद उष्णता, आणि मग हळूहळू चढती. वर साल धरली नाही, आत ओल राहिली नाही. मी ती फडक्यात गुंडाळून रत्नागिरीला घेऊन गेले. शुभाने ती खिडकीच्या उजेडात धरली, दुमडली, बोटाने दाबली. तुटली नाही. मग एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिली. डोळे उघडून ती म्हणाली, "कशी झालीय, वहिनी?"

मला जेवढं सांगता येत होतं तेवढं सगळं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती गेली.

दिवस झाल्यावर हे म्हणाले, "तू एकटी किती करणार? विकून टाकूया ड्रायर." खरंच आहे, आता होत नाही माझ्याने. बघू, म्हटलं...

तिची एक सवय मात्र अजून त्या गोठ्यात आहे. एवढे सेन्सर लावलेले, आकडे समोर दिसत, तरी फेरी सुरू झाली की ती झडपेच्या तोंडाशी तळहात धरून उभी राहायची. तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. परवा शेवटचे फणस होते. रस पसरला, दार लावलं आणि कधी नव्हे ती मी तिथे हात धरला. हवा नुसती कोमट होती. उष्णता चढेपर्यंत मी उभी राहिले.