नेटीचे टार्ट आणि अ‍ॅल्विनचा काटा

नेटी क्रोझियरचं डोकं गरम आणि हात थंड. ग्लेनार्ब गावात हे कौतुकाने सांगतात, कारण बटर टार्टची, म्हणजे पाक भरून भाजलेल्या त्या वाटीएवढ्या गोड पदार्थाची, पारी गरम हातांना वश होत नाही. चरबी पिठात वितळली की पदर सुटत नाहीत, आणि पदर सुटले नाहीत की चर्चच्या बायकांच्या जिभा सुटतात. नेटी ऐन थंडीतही आधी नळाखाली हात धरते, मगच पिठाला लावते. सारणात बेदाणे घालणाऱ्या बायकांशी ती बोलते, पण हवापाण्यापुरतंच.

तिचं सारण वाहतं. चावा घेतला की लोणी-साखरेचा पाक हनुवटीवर आलाच पाहिजे. म्हणून तिचा टार्ट हातात धरून, पुढे वाकून खायचा, हा गावाचा शिरस्ता.

नवरा मॉर्ली गेल्यापासून तिच्या टेबलाशी दुसरी खुर्ची नुसतीच होती. गेल्या हिवाळ्यात गाईवाला अ‍ॅल्विन ट्रिम्बल, तोही एकटाच, तिच्या दारातला बर्फ उपसून देऊ लागला. "ट्रॅक्टर आहे त्याचा, फिरवतो बिचारा," असं नेटी म्हणायची. पण रात्री बर्फ पडणार असं रेडिओने सांगितलं, की ती केसांना रोलर लावून बसायची. हे शेजारच्या विल्डाने पडद्याआडून पाहिलं आणि तिने सांगितलं म्हणून गावाने पाहिलं.

मग आलं चर्चचं शरदातलं जेवण. सगळ्यांदेखत अ‍ॅल्विनने नेटीचा टार्ट उचलला, बशीत ठेवला आणि काटा-सुरी मागून घेतली! एवढाएवढासा तुकडा कापून, ओठ मिटून, तो चघळत बसला. पाक सगळा बशीत.

"अगं, शिजलाय का ते बघत असेल," विल्डा पुटपुटली.

नेटीने उरलेल्या टार्टांचा डबा काखेत मारला आणि घर गाठलं. पहिला बर्फ पडला तेव्हा अ‍ॅल्विन यायच्या आत तिने स्वतःच फावडं धरलं. कंबर धरली, पण हट्ट सोडला नाही. संध्याकाळी मात्र ती खिडकीशीच बसून राहायची. ट्रॅक्टर पुढच्या वळणावरूनच परत फिरायचा.

शेवटी एका दुपारी स्वयंपाकघराचं दार वाजलं. भट्टीतून टार्ट नुकतेच निघाले होते.

"काटे संपलेत," नेटी दारातूनच म्हणाली.

"नेटी, ऐकून तर घे."

"काय ऐकू? माझी पारी चिवट झाली म्हणून?"

"पारी कसली चिवट! नवे दात बसवलेत मी. कवळी. पाकात चिकटून बाहेर आली असती, तुझ्यासमोर, पाद्रीबाबांसमोर." अ‍ॅल्विनचे कान बीटासारखे लाल झाले. "तुझ्यासाठीच बसवले गं."

नेटीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

"अ‍ॅल्विन, माझ्या पारीला दात लागत नाहीत. काढ ते."

"इथे?"

"नाही तर काय चर्चमध्ये?"

तिने रिकामी बशी पुढे केली. त्याने पाठ फिरवून कवळी काढली, बशीत ठेवली आणि टार्ट हातात धरून तिच्याशेजारी सिंकवर वाकला. पारी ओठांवरच विरघळली. पाक हनुवटीवरून थेट सदऱ्यावर.

"कशी झालीय?"

तो बोबड्या तोंडाने काहीतरी बोलला. विल्डाला पडद्याआडून ते ऐकू आलं नाही, म्हणून मलाही ठाऊक नाही. पण जी आपली बायको नाही अशा बाईसमोर आमच्या गावचा कुठलाही पुरुष उगाच दात काढून ठेवत नाही. नेटीने आणखी एक टार्ट त्याच्या हातात दिला, आणि सदरा काढून धुवायला टाक म्हणाली.