दहा लांब श्वासांची उस्तादी

“फेफड़ों में पानी भर गया है,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. दोन्ही बाजूंना पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ठिपके होते. पलंगावर सुखदेव मडावी ऑक्सिजनचा मास्क लावून बसला होता. आडवं झालं की त्याचा जीव घाबरायचा. ओठ जांभळे पडले होते. मी बाजूला उभा. ठिपके त्याच्या छातीत होते, करणी माझी होती.

आजाराचं नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडीमा. हवा विरळ झाली की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, आणि जिथं हवा असायला पाहिजे तिथं पाणी पाझरतं. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे भातखाचराचा बांध, पाझरून शेजारच्या खळ्यात पाणी शिरावं, तसं. माणूस कोरड्या जागी बसून आतल्या आत बुडतो.

आम्ही दोघंही गोंदिया जिल्ह्याचे. माझं आडनाव पटले, गाव नागऱ्याजवळचं. सुखदेव चिचगडचा. आमच्याकडची सर्वात मोठी चढण म्हणजे इटियाडोहच्या धरणाची पाळ. केंद्र सरकारच्या रस्ते बांधणाऱ्या एका खात्यात आम्ही इलेक्ट्रिशियन, आणि बदली लडाखला. तिथं पगाराबरोबर उंचीचा भत्ता मिळतो. जितकं वर, जितका धोका जास्त, तितका भत्ता जास्त. खिंडीपलीकडच्या वरच्या कॅम्पला सर्वात मोठा. आम्ही दोघांनीही तोच मागितला. सुखदेवला घराचं कवेलूचं छप्पर काढून स्लॅब टाकायचा होता. मला कशासाठी पाहिजे होता, हे बायको अजून विचारते.

पण वर जायचा नियम आहे. टप्प्याटप्प्यानं थांबायचं, पहिले दिवस नुसतं पडून राहायचं. रोज सकाळी रांग. डोकं दुखतं का, उलटी होते का, झोप लागते का? मग बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. हा एक चिमटा असतो. रक्तात ऑक्सिजन किती, ते तो सांगतो. आकडा कमी आला तर वरचा कॅम्प विसरायचा.

मी पूर्वी एकदा वर जाऊन आलो होतो, म्हणून स्वतःला उस्ताद समजत होतो. चिमटा लावायच्या आधी लांब श्वास घेतले की आकडा थोडा वेळ वर चढतो, हा शोध मला लागला होता. तो मी सुखदेवला फुकटात दिला.

“तुहा नंबर आला का दहा लंबे श्वास घेजो,” मी म्हणालो. “आन् बोट काखेत गरम करून ठेवजो.”

“काऊन भाऊ, मशीन खोटी हाय का?”

“मशीन खरीच हाय. तूच थोडा खोटा हो.”

रांगेतले लोक हसले. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं. जेवणावरची वासना गेली. सुखदेवचा खर्रा तोवर संपला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली आमच्याकडची पुडी. आमच्याकडे कोणाचं डोकं दुखलं की पहिली शंका खर्र्यावरच जाते. मी निदान केलं, “खर्रा बंद झाला ना बाबू, डोकं धरनारच.” माझ्यातली अर्धी पुडी दिली, वर दुखण्याची गोळी. दुसऱ्या दिवशी रांगेत त्यानं “सब ठीक” म्हणून सांगितलं, दहा श्वास घेतले, आकडा छान आला. पुढचा टप्पाही त्यानं तसाच पार केला आणि आम्ही ट्रकमध्ये बसलो.

वर पोचल्यावर कोरडा खोकला सुरू झाला. “सुपारी अडकली असन,” मी म्हणालो. मग तो दहा पावलं चालला की बसायला लागला. एका सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. मी वाकून बांधायला गेलो तेव्हा त्याचा श्वास ऐकला. झाकणाखाली भात शिजताना होतो तसा बुडबुड आवाज. मी मदतीसाठी पळालो. पळालो म्हणजे वीस पावलं. मग मीच मटकन खाली बसलो आणि ओरडलो.

ऑक्सिजन लावून त्याला गाडीतून खाली आणलं. लेहच्या हॉस्पिटलात मॅडमनी विचारलं, “तकलीफ़ कब से है?”

सुखदेवनं मास्क बाजूला केला. “कल से.”

तो मला वाचवत होता. धड श्वास घेता येत नव्हता, पण माझं नाव घेत नव्हता. आणि खरं सांगतो, मी गप्प राहिलो. चौकशी होईल, कागद निघतील, नोकरीवर येईल, हेच डोक्यात. नर्सनं सलाईनची बाटली बदलली तोवर मी तसाच उभा होतो. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या तेव्हा मात्र तोंडातून निघालं, “मॅडम, कल से नहीं. छह दिन से सिर दुख रहा है. छुपाना मैंने सिखाया.”

श्वास, गोळी, खर्रा, सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “मशीन को बेवकूफ़ बना सकते हो, फेफड़ों को नहीं,” एवढंच म्हणाल्या, आणि सुखदेवला धरून उभं केलं. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. डोक्यावर धानाचा भारा घेऊन वीतभर धुऱ्यावरून चालणारा हा माणूस दुसऱ्याच पावलाला कलंडला.

म्हणजे मेंदूलाही सूज. हाय अल्टिट्यूड सेरेब्रल इडीमा. मॅडमनी लगेच डेक्सामेथासोन नावाचं सूज उतरवणारं इंजेक्शन द्यायला सांगितलं. “सहा दिवसांचं आधी सांगितलं असतं तर वेळ वाया गेला नसता,” त्या हिंदीत म्हणाल्या. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

तिथंच कमलावहिनींचा, सुखदेवच्या बायकोचा, फोन आला. “भाऊजी, ते फोन काऊन नाई उचलून राहिले?”

“पोट बिघडलं हाय थोडं,” मी म्हणालो. नुकताच खरं बोलून आलो होतो, पण सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी तो उशी घेऊन आडवा झाला. त्याला झोपलेलं बघून मी पहिल्यांदा जेवलो. चौथ्या दिवशी त्यानं खर्रा मागितला, तेव्हा नर्स म्हणाली, आता हा बरा होतोय. पुढचा एक्स-रे स्वच्छ आला. पण एकदा हे झालं की पुन्हा व्हायचा धोका राहतो, म्हणून मॅडमनी कागदावर लिहिलं, उंचीवर पाठवू नये. त्याची बदली खाली मैदानी भागात झाली. त्याचा भत्ता बंद झाला, माझा चालू राहिला. दर महिन्याला तो भत्ता बँकेत जमा होतो आणि मला कोणी काही बोलत नाही.

तुमच्यापैकी कोणी वर जाणार असेल तर डोकं दुखलं की दुखलं म्हणून सांगा. भूक गेली तर सांगा. रांगेतून परत पाठवलं तर खुशाल परत या, लोक हसतील, हसू द्या. आणि शेजारी कोणी उस्ताद उभा असेल तर त्याच्यापासून दोन माणसं सोडून उभे राहा.

सुट्टीत मी चिचगडला गेलो. वहिनींनी विचारलं, “पोटाचं एवढं कायचं दुखनं होतं हो भाऊजी, का बदलीच करून टाकली?” सुखदेव अंगणातल्या कोंबडीकडे बघत होता. त्यानं घरीही सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. काही वगळलं नाही. बाकावरून बोललेलं खोटंसुद्धा.

वहिनींनी कोंबडी हुसकून लावली. मग म्हणाल्या, “मी इकडं पोटासाठी हिरडा कुटून ठेवून राहिली होती.” उठल्या, आत गेल्या, ताट घेऊन आल्या. “जेवा. पन आता त्यायले काई शिकवू नका.”

मी खाली मान घालून जेवलो. भात संपला, पण आणखी मागायची हिंमत झाली नाही. वहिनींनी न विचारताच वाढला.